भाजी निवडता निवडता बोलतं करा

महात्मा फुले मंडईतून पिशवी घरी आली, की दोन वर्षांच्या मुलाला शेजारी बसवा. टीव्ही बंद, समोर एक ताट. गवार, भेंडी, दोन टोमॅटो पुरे. मटार आणि शेंगदाणे मात्र लांब ठेवा. या वयात ते नाकात जातात किंवा श्वासनलिकेत अडकतात.

मूल ज्याला हात लावेल त्याबद्दलच बोला. ते 'भेंई' म्हणालं तर दुरुस्त करत बसू नका. 'हो, भेंडी! लांब भेंडी. ही बघ, वाकडी,' असे एक-दोन शब्द वाढवून परत द्या आणि मनात पाचपर्यंत मोजत गप्प राहा. उत्तर जुळवायला मुलाला वेळ लागतो. तो आपणच घाईने बोलून खाऊन टाकतो. 'हे काय? ते काय?' अशी तोंडी परीक्षा सुरू झाली की मूल उठून जातं, आणि बरोबरच आहे त्याचं.

दहा मिनिटं खूप झाली. गवारीच्या शिरा तुम्ही काढा, भेंड्या टोपलीत टाकणं त्याचं काम.

दोन वर्षं पूर्ण होऊनही 'पाणी दे'सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणणाऱ्या आत्याचं न ऐकता बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कानांची तपासणीही करून घ्या.