ढगांच्या रंगाचे कारण सांगताना या चुका टाळा

पावसाळी ढग काळा का दिसतो, या प्रश्नाला ‘त्यात पाणी जास्त असते आणि पाणी प्रकाश शोषून घेते’ असे उत्तर सर्रास दिले जाते. त्याचा पूर्वार्ध बरोबर असला तरी उत्तरार्ध चुकीचा आहे, कारण ढगातले सूक्ष्म थेंब दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत; ते तो चहूकडे विखुरतात. ढग जितका जाड, तितका सूर्यप्रकाश थेंबाथेंबावर आदळत बहुतांशी वरच परत फिरतो आणि तळापर्यंत जेमतेम पोहोचतो. जुलैमध्ये मुंबईला उतरणाऱ्या विमानातून जो थर वरून डोळे दिपवण्याइतका पांढराशुभ्र दिसतो, तोच भेदून खाली आल्यावर करडा दिसतो, तो याचमुळे. बाजूला उजळ आकाश असले, की हा करडेपणा आणखी काळा भासतो.

दुसरी चूक म्हणजे आकाशाच्या निळेपणाचे स्पष्टीकरण ढगाला चिकटवणे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये मांडलेला प्रकाश विखुरण्याचा नियम प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान कणांसाठी आहे. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात. ढगातल्या थेंबाचा व्यास मात्र साधारणपणे 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या कितीतरी पट असतो. एवढा थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतो, आणि म्हणून ढग पांढरा दिसतो.

वर्गात हे दाखवताना पाण्यात दूध ओतण्याची घाई नडते. पेल्यात दोन-चार थेंबच टाकून अंधारात टॉर्च लावावा, म्हणजे बाजूने निळसर छटा आणि समोरून पिवळट-नारिंगी प्रकाश दिसेल. छटा दिसत नसेल, तर दूध जास्त झाले असे समजून पाणी वाढवावे. पण दूध जास्त होऊन पांढरा झालेला पेला लगेच ओतून टाकू नये, वारंवार विखुरल्याने रंग कसे एकमेकांत मिसळतात हे दाखवायला तो उत्तम आहे.

सायंकाळचे तांबडे ढग स्वतः रंग निर्माण करत नाहीत. हवेतल्या लांब प्रवासात निळा गमावलेला प्रकाशच ते परावर्तित करतात.

उपग्रहाच्या चित्रांबाबतचा घोळ मात्र हल्ली फार वाढला आहे. इन्सॅट मालिकेतल्या हवामान उपग्रहाच्या अवरक्त (म्हणजे उष्णतेचे किरण टिपणाऱ्या) चित्रात पांढरेपणा ढगाची जाडी नव्हे, तर त्याच्या माथ्याचा थंडपणा दाखवतो. उंचावरचे विरळ, कोरडे ढगही तिथे पांढरे दिसू शकतात आणि कोकणात पाऊस पाडणारे बुटके ढग फिकट करडे. त्यामुळे पावसाचा अंदाज बांधण्यापूर्वी चित्र दृश्य प्रकाशातले आहे की अवरक्त, हे कोपऱ्यातल्या मजकुरावरून आधी तपासावे.