स्लीव्ह लीगचा कडा बघायचा तर

आयर्लंडला गेलेले बहुतेक जण क्लिफ्स ऑफ मोहर बघून परततात. तो कडा २१४ मीटरचा. वायव्येकडे डोनेगल काउंटीत स्लीव्ह लीग हा ६०१ मीटर उंचीचा अख्खा डोंगर एका अंगाने थेट अटलांटिकमध्ये उतरतो. वेळ एकाच कड्यापुरता असेल, तर मी डोळे झाकून हाच सांगेन.

डब्लिनहून गाडीने जाणार असाल तर आधी व्हिसा तपासा. फोनवरचा नकाशा बऱ्याचदा एनिस्किलनमार्गे नेतो, म्हणजे मधला तुकडा उत्तर आयर्लंडचा, युनायटेड किंग्डमच्या हद्दीतला. सीमेवर ना फाटक, ना कोणी अडवणारं. पण नियम तो नियमच. भारतीय पासपोर्टवर नुसता आयर्लंडचा व्हिसा असेल, तर स्लायगोवरून जा: एन ४, मग एन १५. डोनेगल शहर, किलीबेग्स बंदर, कॅरिक आणि शेवटी टीलिन. गाडी डावीकडूनच चालवायची, तेवढी सोय आहे. पेट्रोल किलीबेग्सलाच भरा. पुढे आयरिशभाषक भाग लागतो आणि पाट्याही आयरिशमध्ये असतात, म्हणून गावांची ती नावं आधीच कागदावर उतरवून ठेवा.

गाडी खालच्या वाहनतळावर लावून बनग्लासपर्यंत, म्हणजे कडा बघायच्या जागेपर्यंत, चालतच जा. रस्ता डांबरी आहे, पण चढ दम काढतो. वाटेत कॅरिगन हेडवर नेपोलियनच्या काळातला टेहळणीचा बुरूज दिसतो. वर दगडांनी जमिनीवर मांडलेली मोठाली अक्षरं आहेत. दुसऱ्या महायुद्धात हा देश तटस्थ होता, ते वैमानिकांना वरून कळावं म्हणून ती मांडली होती.

बनग्लासला पोचल्यावर घाई करू नका. कडा पुरता दिसतो तो इथूनच. माथ्यावर गेलात की तो तुमच्या पायाखाली जातो आणि दिसतो फक्त समुद्र. गंज चढल्यासारखे तांबूस-पिवळे पट्टे दिसायला ऊन हवं, आणि ऊन हवं तर बसून राहायची तयारी हवी. ढग उतरला म्हणून लोक पाच मिनिटांत माघारी फिरतात, तसं करू नका. थर्मासमध्ये चहा असू द्या.

तरीही माथा गाठायचाच असेल तर टीलिनच्या बाजूने पिलग्रिम्स पाथ धरा. ही वाट सौम्य आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना खास सांगते: इथे कडेला कातळ असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी ओलं पीट (कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि वर गवत, ते खालून पोखरलेलंही असू शकतं. फोटोसाठी कडेवर जाऊ नका. माथ्याजवळची 'वन मॅन्स पास' ही अरुंद धार वाऱ्यात किंवा धुक्यात अजिबात नको. बूट घोट्यापर्यंतचे आणि पाणी न शिरणारे हवेत. छत्री गाडीतच राहू द्या, तिथला वारा ती टिकू देत नाही. निघण्याआधी मेट एअरन या तिथल्या हवामान खात्याचा अंदाज बघा, पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा महत्त्वाचा. अडचण आली तर ११२.

टीलिनच्या धक्क्यावरून बोटीही सुटतात, पण समुद्र शांत असेल तरच. आदल्या दिवशी फोन करून विचारा. जागा मिळाली तर माथा खुशाल सोडा आणि बोटीत बसा.