रंग सांगायचा तर जोडीने सांगावा

महापे येथील एका छोट्या कंपनीत मी वेबपानांचे काम शिकू लागलो, तेव्हा रंग देणे हे मला शेवटच्या अर्ध्या तासाचे काम वाटत असे. पहिल्याच महिन्यात एका ग्राहकाची तक्रार आली की, अर्जाच्या चौकटींत टाइप केलेले काहीच दिसत नाही. आमच्याकडे तोच अर्ज बिनतक्रार चालत होता. दोन दिवस पानाचा जावास्क्रिप्ट कोड उसवल्यावर उलगडा झाला: चौकटींची पार्श्वभूमी मी पांढरी केली होती, परंतु अक्षरांचा रंग सांगितलाच नव्हता, ग्राहकाच्या लिनक्स संगणकावर गडद थीम होती आणि तिने अक्षरेही पांढरी केली होती.

पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत ‘कलर’, म्हणजे अक्षरांचा रंग, हा गुणधर्म बाहेरच्या घटकाकडून आतल्या घटकाला वारशाने मिळतो. ‘बॅकग्राउंड-कलर’, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग, मिळत नाही, तो न सांगितल्यास पारदर्शक राहतो आणि मागे जे असेल ते दिसते. अर्जाच्या चौकटींना तर ब्राउझर स्वतःचेच रंग देतो, त्यामुळे ‘बॉडी’ला, म्हणजे पूर्ण पानाला, दिलेला रंग तेथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून हे दोन्ही रंग एकाच नियमात, एकाखाली एक लिहावेत.

दुसरा धडा ऐरोली स्थानकाच्या फलाटावर मिळाला. कार्यालयात देखणी वाटणारी फिकट करडी अक्षरे दुपारच्या उन्हात मोबाइलवर पुसट झाली, आणि मराठी मजकुरातले अनुस्वार तर सर्वांत आधी नाहीसे झाले. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ असावा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या सांकेतिक क्रमांकाचा करडा रंग त्यात जेमतेम बसतो, ७७७७७७ मात्र बसत नाही. डोळ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून मोजणीचे साधन वापरावे. रंगांच्या नावांवरही विसंबू नये, कारण ‘डार्कग्रे’ हा ‘ग्रे’पेक्षा फिकट आहे. (हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाले, असे मला अजूनही वाटते.)

आता काम सोपवण्यापूर्वी मी ब्राउझरची मूळ पार्श्वभूमी हळदीसारखी पिवळी करून पान उघडतो. जेथे पिवळे डोकावते, तेथे काहीतरी सांगायचे राहिलेले असते.