रेषाखंड काढताना आणि मोजताना मिलिमीटर कुठे चुकतो

रेषा दोन्ही बाजूंना संपतच नाही, म्हणून तिची लांबी मोजता येत नाही. रेषाखंडाला दोन टोकं असतात आणि लांबी असते ती या दोन टोकांमधली. त्यामुळे काढतानाही आधी बिंदू, मग रेघ. सर्रास होतं ते उलटं: पट्टी ठेवायची, रेघ ओढायला लागायची आणि हव्या त्या आकड्यावर पेन्सिल थांबवायची. हात थांबेपर्यंत रेघ अर्धा-एक मिलिमीटर पुढे गेलेली असते.

आधी पेन्सिल आणि पट्टी नीट पाहून घ्या. पेन्सिलीला बारीक टोक हवं. बोथट शिशाची रेघ आणि तिचा बिंदू इतका जाड होतो की त्याच्या डाव्या कडेपासून मोजायचं की उजव्या, हेच ठरत नाही. पट्टीचा शून्य बहुतेक वेळा कडेपासून थोडा आत असतो. पट्टीचं टोकच शून्य समजून मोजलं की प्रत्येक माप तेवढ्या अंतराने चुकतं. पट्टी सरळ आहे का, हेही तपासता येतं. तिच्या कडेने एक रेघ ओढा, मग पट्टी टोकांची अदलाबदल करून रेघेच्या दुसऱ्या बाजूला ठेवा आणि तीच कड लावून त्याच दोन टोकांमध्ये पुन्हा ओढा. दोन रेघांमध्ये फट दिसली तर कड वाकडी आहे.

आता ७.३ सेमीचा रेषाखंड काढू. कागदावर हलका बिंदू द्या, त्याला अ म्हणा. पट्टीचा शून्य अ वर आणा आणि पट्टी डाव्या हाताच्या दोन बोटांनी, बोटं एकमेकांपासून लांब ठेवून, दाबून धरा. एकाच बोटाने दाबली की पट्टी त्या बोटाभोवती फिरते. ७ च्या पुढे तीन बारीक रेघा मोजा. किंवा मधली जरा लांब रेघ ७.५ ची असते, तिच्या दोन घरं अलीकडे या. डोळ्याला हे सोपं जातं. तिथे ब बिंदू द्या. मग पट्टी दोन्ही बिंदूंच्या किंचित खाली सरकवा, कारण पेन्सिलीचं टोक पट्टीच्या कडेपासून थोडं बाहेर चालतं. पेन्सिल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच कलाने धरून अ पासून ब पर्यंत एका दमात रेघ ओढा. मध्येच कल बदलला की रेघेला बाक येतो.

मोजताना सगळ्यात मोठा घोटाळा नजरेचा असतो. पट्टीवरच्या खुणा कागदापासून २ मिमी उंच असतील आणि तुम्ही उभ्या दिशेपासून ३० अंश तिरकं पाहत असाल, तर वाचन सुमारे १.२ मिमीने चुकतं. म्हणून ज्या टोकाचं वाचन घ्यायचं, डोळा बरोबर त्याच्या वर न्या. दुसऱ्या टोकासाठी डोकं पुन्हा हलवा. पातळ किंवा उतरत्या कडेची पट्टी याचसाठी बरी.

शून्याची खूण झिजली असेल तर १ पासून मोजा आणि शेवटच्या वाचनातून १ वजा करा. ८.३ वाचलं तर लांबी ७.३ सेमी. वजाबाकी करायची राहून जाते, म्हणून दोन्ही वाचनं लिहून ठेवावीत. खुणा मोजू नका, खुणांमधली अंतरं मोजा: ० ते ३ मध्ये खुणा चार, पण सेंटिमीटर तीनच. इंचाची बाजू चुकून वापरली जात नाही ना, तेही पाहा. १ इंच म्हणजे २.५४ सेमी.

कर्कटक हाताशी असेल तर नजरेची चूक बरीच टळते. त्याची दोन्ही टोकं अ आणि ब वर टेकवा, फाकवण जराही न बदलता उचला आणि पट्टीच्या खुणांवर ठेवून वाचा. वरचा स्क्रू ढिला असेल तर उचलतानाच टोकं सरकतात आणि हे कळतही नाही. त्यामुळे वाचल्यावर कर्कटक परत रेषाखंडावर ठेवून बघावं.

तेवढ्याच लांबीचा दुसरा रेषाखंड हवा असेल तर आकड्याची गरजच नाही. एक किरण काढा, त्याच्या आरंभबिंदूला क म्हणा. कंपासात अब एवढं अंतर घ्या आणि क वर टोक रोवून किरणावर कंस मारा. कंस जिथे किरणाला छेदतो तो ड. पट्टीने मोजून पुन्हा आखण्यापेक्षा ही रीत जास्त भरवशाची, कारण वाचनाची चूक यात येतच नाही.

एकाच रेघेवर ०.७ सेमीचे दहा भाग पाडायचे असतील तर प्रत्येक भागाला पट्टी सरकवू नका. दर वेळी अर्धा मिलिमीटर त्याच बाजूला चुकला तर दहाव्या भागापर्यंत ५ मिमी होतात. पट्टी एकदाच ठेवून ०.७, १.४, २.१ अशा खुणा करत ७ पर्यंत जा. पट्टीपेक्षा लांब रेषाखंड असेल तर पुढचा भाग ओढताना पट्टीची निदान अर्धी लांबी आधीच्या रेघेवर नीट जुळवा. १ अंशाचा कल राहिला तर १० सेमी पुढे रेघ १.७ मिमी बाजूला जाते.

माप लिहिताना बरोबर ७ सेमी आलं तर ७.० सेमी लिहावं, म्हणजे मिलिमीटरपर्यंत पाहिलं आहे हे कळतं. साध्या पट्टीवर ७.३२ लिहू नये. तिच्यावर तेवढं बारीक दिसतच नाही. शेवटी पट्टीची टोकं उलटवून, ब पासून अ कडे पुन्हा मोजा. दोन मापांत १ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढू नका, पट्टी परत ठेवून तिसऱ्यांदा मोजा.