हुशार, विक्षिप्त पोराचा भाग कसा लिहावा

कौटुंबिक विनोदी मालिकेत असं पोर आणायचं असेल, तर त्याला कुणाच्या तोंडून 'जीनियस' म्हणवू नका. एकाच गोष्टीचं वेड द्या, पुरे. माझी भाची परळची, आठ वर्षांची. चर्चगेट ते विरार सगळी स्टेशनं सुलट म्हणते, उलट म्हणते, पण बुटाची लेस अजून आजीच बांधते. हे दोन्ही पहिल्याच सीनमध्ये दिसू द्या.

मग घरातल्या कुणाची तरी दुखरी जागा शोधा आणि ते वेड नेमकं तिथे नेऊन भिडवा. आमची आजी नोकरीसाठी वर्षानुवर्षं एल्फिन्स्टनला उतरायची. 2018 साली स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. आजीने जुनं नाव घेतलं की भाची जेवता जेवता म्हणणार, "आजी, असं स्टेशनच नाहीये." दोनदा सगळे हसले. तिसऱ्यांदा आजी वाढता वाढता पातेलं खाली ठेवून आत गेली. भाची वरण भाताला लागू न देता ताटाकडे बघत बसली. मला भाग तिथे सापडला.

हसू मोठ्यांच्या धांदलीतून काढा. समजूत घालायला गेलेला बाबा स्वतःच स्टेशनांचा क्रम चुकतो, आई घाईघाईने पापड तळायला उठते. पोराच्या सवयीला कुणी हसतंय असं मात्र लिहू नका, कळकळीने सांगते. घरी बघणाऱ्यांतही असं एखादं पोर असतं आणि त्याला ते लागतं.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता हातात साधारण 22 मिनिटं उरतात. पहिल्या ब्रेकआधी आजी आत गेलीच पाहिजे. उपकथानक एकच ठेवा.

पोराचे सीन छोटे लिहा. कायद्याने बालकलाकाराला दिवसाला 5 तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय 3 तासांहून जास्त काम देता येत नाही. दमलेलं पोर कॅमेऱ्यात लगेच कळतं.

शेवटी माफीचा सीन नको. आमची भाची 'सॉरी' म्हणत नाही. वाईट वाटलं की स्टेशनं म्हणते. म्हणून मी असं लिहिलं: सकाळी दारात आजी लेस बांधतेय. पोर पुटपुटतं, "महालक्ष्मी, लोअर परळ, एल्फिन्स्टन, दादर."

"आणि प्रभादेवी गं?"

"तू उतरायचीस तेव्हा नव्हतं ते."

आजीचा हात लेसवर थांबतो. तिथे कट.