अलीजन्स: कुठे चालतो, कुठे नाही

अलीजन्स हा निष्ठा या अर्थाचा इंग्रजी शब्द. स्पेलिंग ए, डबल एल, ई, जी, आय, ए, एन, सी, ई. उच्चार अ-ली-जन्स, जोर ‘ली’वर. घाईत वाचणारे त्याचं अलायन्स करतात, पण ती युती झाली.

हा शब्द वापरण्याआधी बघा, समोर सत्ता आहे का? देश, राजा, संविधान, पक्ष, नेता यांच्याशी उघडपणे मान्य केलेली बांधिलकी असेल तरच अलीजन्स. सांगलीतला हळदीचा व्यापारी वर्षानुवर्षं एकाच अडत्याकडे जातो, तिथे लॉयल्टी पुरे. साखर कारखान्याच्या निवडणुकीत संचालक एका पॅनेलमधून दुसऱ्यात गेला, तर ‘स्विच्ड अलीजन्स’ शोभतं. ऊस दुसऱ्या कारखान्याला घातला एवढ्यावर मात्र नाही.

पुढे ‘टू’ येतो. ‘विथ’ लावणं चूक. मराठीतला ‘शी’ डोक्यात असतो म्हणून ती होते. क्रियापदं ठरलेली: स्वेअर किंवा प्लेज म्हणजे शपथ घेणं, ओ म्हणजे निष्ठा देणं लागणं, रिनाउन्स म्हणजे सोडणं. ‘डू अलीजन्स’ असं कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे तो सगळ्यात ठळक सापडतो संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे शपथांच्या नमुन्यांत. लोकसभा-विधानसभेचा उमेदवारही ही शपथ घेतो. इंग्रजीत ‘ट्रू फेथ अँड अलीजन्स’, मराठीत ‘खरी श्रद्धा व निष्ठा’. भाषांतर करताना हा क्रम उलटू नका: फेथला श्रद्धा, अलीजन्सला निष्ठा. प्रामाणिकपणा, विश्वास हे शब्द इथे ढिले पडतात. सार्वभौमत्व आणि एकात्मतेचा भाग 1963 च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आला, त्यामुळे जुन्या पुस्तकातली शपथ उतरवून घेऊ नये.

आरोप करणं या अर्थाचं ‘अलेज’ हे वेगळं क्रियापद आहे. साताऱ्याच्या इतिहासाचा इंग्रजी उतारा वाचताना दोन्ही शेजारी भेटतात. छत्रपती प्रतापसिंहांना 1839 मध्ये गादीवरून दूर करताना, कंपनीच्या देशी लष्करी अधिकाऱ्यांना फितवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. ठपका म्हणजे अलिगेशन. ते अधिकारी कंपनीला जे देणं लागत होते, ते अलीजन्स. पुढचं वाक्य पत्री सरकारचं, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रति सरकारचं असेल तर कर्ता बदलतो: 1943 नंतर कुंडल परिसरातली गावं. ‘गेव्ह देअर अलीजन्स टू द प्रति सरकार’ इतकं लिहिलं की झालं, ‘फुल’, ‘टोटल’ जोडायची गरज नाही.

अनेकवचन ‘अलीजन्सेस’ फक्त निष्ठा खरोखर विभागलेल्या असतील तेव्हाच.