जगबुडीनंतरचा रोबो: सांगलीत, कमी पैशात

रोबोला आधी काम द्या, चेहरा नंतर. कॉलेजची पोरं माझ्याकडं येतात ती उलट्या बाजूनं. डोळे लाल का निळे, यावरच घोडं अडलेलं असतं. मी नेपथ्यातला माणूस. स्पर्धेच्या नाटकांचे सेट लावत आलोय, हल्ली मोबाईलवरच्या शॉर्टफिल्मांनाही सामान करून देतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला: माणसं संपल्यावर तुझा रोबो सकाळी उठून करतो काय?

आपल्या जिल्ह्यात उत्तर शोधायला लांब जायला नको. तासगावकडच्या द्राक्षबागेत एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. माणूस उरला नाही तरी रोबोची कात्री चुकत नाही. घड लागतात, पिकतात, वेलीवरच सुकतात. अशा बागेत एक भुकेलं पोर शिरू द्या. त्याचा हात रोबोला वेलीची फूट वाटते की हात, एवढा ताण दहा मिनिटांना पुरतो. लेसर, स्फोट, अंतराळयान काही लागत नाही.

आणि ‘हे नाटकवाल्यांचं काम नव्हे’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, रोबो जन्मलाच रंगमंचावर. कारेल चापेक या चेक नाटककाराचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक 1921 साली प्रागला झालं. त्यात यंत्रं माणसांचा निकाल लावतात आणि एकालाच जिवंत ठेवतात, बांधकाम पाहणाऱ्याला, कारण तो त्यांच्यासारखा हातानं काम करतो. तेव्हाचे रोबो म्हणजे कपडे घातलेले नटच होते. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथं ‘सीता स्वयंवर’ उभं केलं त्या सांगलीनं पोशाखातल्या नटाला कशाला लाजायचं?

आता जग संपलेलं दाखवायचं. इथं सगळे वाळवंटाकडं पळतात, कारण परदेशी सिनेमात वाळवंट असतं. आपण ऑगस्ट 2019 चा महापूर पाहिलाय. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ओसरल्यावर काय दिसलं ते आठवा: झाडांच्या फांद्यांना लटकलेलं प्लास्टिक, फुगून पापुद्रे सुटलेलं प्लायवूड, रस्त्यावर गाद्यांचे ढीग आणि प्रत्येक भिंतीवर गाळाची एक रेघ. ती रेघ नीट जमली की निम्मं काम झालं.

रेघ डोळ्यानं मारू नका. गवंड्याची लेव्हल पाईप आणा, पारदर्शक नळी, आत पाणी. दोन टोकांना पाणी जिथं थांबेल तिथं खडूची खूण करा आणि त्या खुणा जोडा. जमीन उताराची असेल तर उताराच्या खालच्या टोकाला भिंतीवरची रेघ जमिनीपासून उंच दिसली पाहिजे. पोरं जमिनीपासून सगळीकडं सारखं अंतर मोजतात आणि लगेच खोटं वाटतं, पाणी असं तिरकं उभं राहत नाही. नदीकाठचा गाळ सुकवून पिठाच्या चाळणीनं चाळायचा, पाण्यात पातळ कालवायचा, रेघेच्या खाली फडक्यानं थापायचा. रेघेवर थोडा दाट हात, त्याखाली फिका. दुसऱ्याच्या भिंतीवर फेव्हिकॉल घालू नका, नुसता गाळ धुऊन निघतो. स्वतःच्या प्लायवर असेल तर फेव्हिकॉल घालाच, नाहीतर शूटिंगआधीच गळून पडतो.

जागेचं म्हणाल तर बेदाणा शेड, द्राक्षं वाळवायची. एकावर एक जाळीचे मजले, बाजूला शेडनेट, हवेनं फडफडणारं. फेब्रुवारी ते एप्रिल तिकडं फिरकू नका, हंगाम असतो. पावसाळ्यात बहुतेक शेड रिकामी असतात, मालक ओळखीचा निघाला तर चहावर काम भागतं.

रोबोचं अंग ईव्हीए फोमच्या (मऊ, हलक्या, रबरासारख्या फोमच्या) शीटचं करा. थर्माकोल नको, त्यावर स्प्रे पेंट मारला की खड्डे पडतात. फोम कापून गरम हवा फेकणाऱ्या हीट गननं तापवला की पृष्ठभाग घट्ट होतो आणि हवा तसा वाकतो. वरून फेव्हिकॉलचे दोन हात, मग रंग. तारा म्हणून ठिबकच्या जुन्या 16 मिलिमीटरच्या लॅटरल, म्हणजे नळ्या, वापरा, भंगारवाल्याकडं किलोवर मिळतात. त्यावरचे ड्रिपर कॅमेऱ्यात जोडणीचे पार्ट वाटतात. डोळ्यांना यूएसबीवर चालणारी एलईडी पट्टी, पाठीत पॉवर बँक.

गंज सगळीकडं फासू नका. पाणी जिथं साचतं तिथंच लोखंड गंजतं: सांध्यात, स्क्रूच्या खाली, आणि तिथून खाली ओघळ. तपकिरी रंग ओला असताना विटेचा चाळलेला चुरा भुरभुरा. छाटणी करणाऱ्याचा तळवा मात्र घासून चकचकीत झालेला असणार, तिथं शिसपेन्सिल घासा. गुडघ्याला माती, बोटांच्या सांध्यात वाळलेली पानं. हे बारकावे पाहूनच माणूस ‘हा बरीच वर्षं काम करतोय’ म्हणतो.

फोमला वजन नसतं, त्यामुळं नट टुणटुण चालतो. घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधा. आधी मान वळेल, थांबेल, मग खांदा. आत उकाडा भयंकर, दर शॉटनंतर डोकं काढून पाणी द्या. बाकी वजन आवाजानं येतं. कुपवाडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये विचारून शटर, बिजागरी, पत्र्यावर पडलेला नट-बोल्ट असे आवाज मोबाईलवर घ्या, नंतर थोडे खालच्या पट्टीत आणा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: मोबाईलमधला हातानं सेटिंग करायचा प्रो मोड, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्याशी न जुळणारं शटर ठेवलं तर ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसतात. फोकस लॉक करा. दुपारी बारा ते तीन झोपा काढा, त्या उन्हात फोम फोमच दिसतो.

शूटच्या आदल्या दिवशी पोलीस पाटलांना आणि शेजारच्या वस्तीवर सांगून या, रोबोचा एक फोटोही दाखवा. नाहीतर कुत्री आधी येतात आणि काठ्या घेऊन माणसं मागून. शिराळ्याच्या बाजूला उसाच्या कडेला काम असेल तर अंधार पडायच्या आत गाशा गुंडाळा, तिकडं बिबटे फिरतात.